कॅथी कॉक्स आणि जॉर्जियातील मतदान-सुधारणा

आपल्याकडे निवडणूक आयोग, कंपनी निबंधक आणि सेबी यांच्यात विभागलेली कामे अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात बव्हंशी ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ या एकाच निर्वाचित पदाकडे येतात. १९९८ मध्ये या पदावर निवडून आलेल्या कॅथी कॉक्स या तेथील पहिल्या महिला होत. कंपन्यांची नोंदणी आणि रोखे-व्यवहारांवरील देखरेख याही त्यांच्याच कक्षेत होत्या. तथापि त्यांची कारकीर्द स्मरणात राहिली ती मतदानयंत्रांमुळे.

२००० च्या अध्यक्षीय निवडणुकीत जगाचे लक्ष फ्लोरिडाकडे होते. जॉर्जियात मात्र मतदानास आलेल्या सुमारे ९४,००० जणांचे अध्यक्षपदासाठीचे मत नोंदलेच गेले नव्हते. हे प्रमाण ३.५ टक्के, म्हणजे फ्लोरिडाहूनही अधिक होते. ही नामुष्की झाकणे सहज शक्य असताना कॉक्स यांनी ती अहवालरूपाने राज्यपाल व विधिमंडळापुढे मांडली, हे विशेष. परिणामी नोव्हेंबर २००२ मध्ये सर्व १५९ काउंट्यांत एकाच प्रकारची स्पर्शपटल यंत्रे आली. १९९८ मध्ये मतपत्रिकेवरील प्रमुख लढतीत ४.८ टक्के असलेले न नोंदलेल्या मतांचे प्रमाण एक टक्क्याच्या आत आले.

या यंत्रांत मताची कागदी नोंद मात्र नव्हती. फेरमोजणी म्हणजे यंत्राने आपलाच आकडा पुन्हा सांगणे! संगणकतज्ज्ञांचा हा आक्षेप दीर्घकाळ उपेक्षित राहिला. अखेर २०१९ मध्ये संघीय न्यायालयाने त्या वर्षानंतर ही यंत्रे वापरण्यास मनाई केली. नोव्हेंबर २०२० मध्ये अध्यक्षपदासाठीची सुमारे ५० लाख मते जॉर्जियाने हातांनी मोजली, ती नव्या व्यवस्थेतील कागदी मतपत्रिकांवरून.