कोशकार आणि कोडेकार

न्यूयॉर्क टाइम्स ह्या दैनिकाने १२ जून २०२३ रोजी 'कनेक्शन्स' नावाचा जो शब्दखेळ प्रायोगिक स्वरूपात वाचकांपुढे ठेवला, त्याचे विधान अगदी अल्पाक्षरी आहे : चौकटीत सोळा शब्द मांडलेले असतात, त्यांचे चार-चारांचे चार वर्ग लावावयाचे असतात, आणि चौथी चूक होताच डाव संपुष्टात येतो. पिवळा, हिरवा, निळा आणि जांभळा हे रंग त्या वर्गांची चढती काठिण्यश्रेणी दर्शवितात. ह्या खेळाची पूर्वपीठिका मात्र त्या दैनिकाच्या दप्तरापुरती मर्यादित नाही.

२१ डिसेंबर १९१३ च्या रविवारी न्यूयॉर्क वर्ल्ड ह्या पत्राच्या रंजनपर पुरवणीत आर्थर विन ह्या लिव्हरपूलहून आलेल्या पत्रकाराने शंकरपाळ्याच्या आकाराचे एक शब्दकोडे छापले, आणि वृत्तपत्री शब्दकोड्याचा शिरस्ता तेथून सुरू झाला. त्या शिरस्त्याला शिस्त लावण्याचे श्रेय मात्र माझ्या मते मार्गारेट पेथरब्रिज ह्या बाईंना द्यावयास हवे. त्याच पत्रात साहाय्यक म्हणून लागलेल्या ह्या बाईंकडे कोड्यांचे काम सोपविले गेले, तेव्हा त्या ती सोडवीत नसत. दिसायला सुबक वाटेल ते कोडे छपाईला देत. पुढे फ्रँकलिन अॅडम्स ह्या सहकारी स्तंभलेखकाने चुकांचा पाढा त्यांच्यापुढे वाचला, त्या स्वतः पेन्सिल घेऊन बसल्या, आणि वाचकाच्या वाट्याला किती निष्काळजीपणा येत होता हे त्यांना कळून आले. चौकटीची मांडणी दोन्ही अंगांनी सारखी असावी, दोन अक्षरी शब्द नसावेत, काळ्या घरांचे प्रमाण बेताचे असावे, हे जे नियम आज मामूल वाटतात, त्यांना त्यांच्याच संपादनाने स्थैर्य दिले. १९२४ मध्ये सायमन आणि शूस्टर ह्या नव्या प्रकाशकांनी त्यांच्या संपादनाखाली पेन्सिलीसह कोड्यांचे पुस्तक काढले, आणि त्याने अमेरिकेला अक्षरशः झपाटले.

त्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्सने आपल्या अग्रलेखातून ह्या छंदाची कालापव्यय म्हणून निर्भर्त्सना केली होती. परंतु पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर, युद्धाच्या उद्विग्न बातम्यांमध्ये वाचकाच्या मनाला काही विसावा हवा ह्या विचाराने, त्याच दैनिकाने १५ फेब्रुवारी १९४२ रोजी रविवारचे कोडे सुरू केले आणि त्याचा कारभार एव्हाना मार्गारेट फरार ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ह्याच बाईंच्या हाती दिला. ११ सप्टेंबर १९५० पासून ते रोजचे झाले. रोज एक कोडे, आणि सर्वांस तेच, हा परिपाठ पुढच्या खेळांना असा वारशाने मिळाला.

शब्दकोड्यात अर्थ सांगितलेला असतो आणि शब्द झाकलेला असतो. वर्गकोड्यात शब्द उघडे असतात आणि त्यांचे नाते झाकलेले असते. हे रूप ब्रिटनमध्ये २००८ पासून बीबीसीच्या 'ओन्ली कनेक्ट' ह्या कार्यक्रमातील सोळा संकेतांच्या भिंतीवर, अडीच मिनिटांच्या मुदतीत, प्रेक्षकांच्या परिचयाचे झालेले होते. अमेरिकन खेळाशी त्याचे असलेले सादृश्य तिकडे लगोलग बोलूनही दाखविले गेले. वायना लिऊ ह्या संपादिकेने ह्या रूपाला दैनंदिन स्वरूप दिले, आणि मुदत काढून टाकल्याने त्यात विचाराला सवड मिळाली.

ह्या खेळातील खरी कलाकुसर कशी असते, हे मराठी शब्दांवरून पाहू. समजा, चौकटीत पान, फूल, साल, मूळ, खोड, फांदी, शेंडा, सुपारी, कात, चुना, हस्त, चित्रा, स्वाती, घटका, प्रहर आणि पक्ष असे शब्द आहेत. वृक्षाच्या अवयवांकडे दृष्टी प्रथम जाते, आणि तेथे चारांऐवजी सात उमेदवार उभे असलेले पाहून उतावळा खेळाडू त्यांतील कोणतेही चार उचलतो व फसतो. जाणता मनुष्य गर्दीच्या वर्गाला हातच लावीत नाही. जेथे नेमके चारच शब्द जुळतात तेथून तो आरंभ करतो. विड्याचे साहित्य पानावाचून पुरे होत नाही, नक्षत्रांचा वर्ग मुळावाचून चारांचा होत नाही, आणि कालमानाच्या वर्गाला साल हवेच. एवढे मार्गी लागले की खोड, फांदी, शेंडा आणि फूल आपोआप उरतात.

ही विद्या आपल्या परंपरेला परकी नाही. महाराष्ट्रातील पाठशाळांतून पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत केला गेलेला अमरकोश वर्गांनीच रचलेला आहे. आणि अमरसिंहाची दूरदृष्टी अशी की, तिसऱ्या कांडात त्याने नानार्थवर्ग स्वतंत्र ठेवला, जेथे एकट्या हरि ह्या शब्दापाशी विष्णू, इंद्र, सूर्य, सिंह, घोडा, वानर आणि बेडूक इतकी मंडळी एकत्र येतात. शिवछत्रपतींच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशातही दप्तरी रुळलेल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देताना राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग अशी दहा वर्गांची व्यवस्था स्वीकारली गेली. कोशकार विखुरलेले शब्द वर्गात बसवितो, कोडेकार बसलेले वर्ग विस्कटून देतो. तथापि कोणता शब्द किती घरी नांदतो ह्याचे ज्ञान दोघांनाही सारखेच लागते, आणि म्हणून कोडेकाराच्या कामाला हलके लेखणे मला मुळीच मान्य नाही.

'कनेक्शन्स' हा खेळ मध्यरात्री, खेळणाऱ्याच्या स्थानिक वेळेनुसार, पालटत असल्यामुळे पुण्यातील मनुष्याला तो न्यूयॉर्कवाल्याच्या कित्येक तास आधी मिळतो. असे असूनही तो मनुष्य अडतो, आणि पुष्कळदा इंग्रजीच्या अभावी अडत नाही. अमेरिकेतील क्रीडासंघ, मिठाया आणि दूरचित्रवाणीवरील मालिका त्याच्या घरच्या नसतात म्हणून अडतो. वर्ग ओळखायला तो संसार ठाऊक असावा लागतो. मराठीत असा नित्याचा खेळ कोणी सिद्ध करावा, ही माझी मनापासून इच्छा आहे. त्याला दाते-कर्वे ह्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड उशाशी ठेवावे लागतील, आणि शेत, देवघर, कचेरी व बाजार ह्या चारी ठिकाणच्या बोलण्याकडे कान द्यावा लागेल.