जिवतीच्या कागदावरचा कालिया

आषाढ सरत आला की अमरावतीत अंबादेवीच्या आसपासच्या आणि अकोल्यात जुन्या शहरातल्या पूजासाहित्याच्या दुकानांत वाती-कापराशेजारी पातळ कागदांचा एक गठ्ठा येऊन पडतो. गिऱ्हाईक कागद उलगडूनही पाहत नाही. ‘जिवती द्या’ म्हणतं, पैसे टाकतं आणि सुरळी पिशवीत कोंबतं. आषाढी अमावस्येला, म्हणजे दिव्यांच्या अवसेला, हा कागद देवघराजवळच्या भिंतीवर चिकटतो आणि श्रावणभर तिथे राहतो. दर शुक्रवारी त्याला आघाडा-दुर्वांची माळ, हळदकुंकू, गेजवस्त्र आणि पुरणाच्या दिव्यांचं ओवाळणं. इतकं होऊनही त्यावर नेमकं काय छापलंय ते विचारलं, तर घरातली निम्मी माणसं ‘देवच आहेत ना’ म्हणून मोकळी होतात.

चार चौकटी असतात. वर खांब फोडून निघालेला नरसिंह, मांडीवर हिरण्यकशिपू, बाजूला हात जोडलेला प्रल्हाद. त्याखाली कालियाच्या फण्यांवर नाचणारा कृष्ण. मग पाळणा हलवणाऱ्या, मुलं अंगाखांद्यावर खेळवणाऱ्या जरा आणि जिवंतिका, म्हणजे जिवती. सर्वांत खाली हत्तीवर बुध आणि वाघावर बृहस्पती. पूजेचे वारही वाटून दिलेले: शुक्रवार जिवतीचा, शनिवार नरसिंहाचा, बुधवार-गुरुवार खालच्या दोघांचे आणि नागपंचमी कालियामर्दनाची. एका कागदात अख्ख्या श्रावणाचं वेळापत्रक बसवलेलं आहे.

यातल्या दुसऱ्या चौकटीशी जरा थांबायला हवं. वऱ्हाडाला समुद्र नाही. अकोल्याहून मुंबईचा किनारा रेल्वेने साडेपाचशे किलोमीटरच्या पुढे. खारं पाणी म्हणाल तर ते पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याच्या विहिरींत, आणि त्याचं कौतुक कोणाला नाही. तरी दरवर्षी इथल्या भिंतींवर समुद्रातला एक प्राणी येऊन बसतो. कारण कालिया मुळात यमुनेचा नव्हेच. भागवताच्या दशम स्कंधाप्रमाणे तो समुद्रातल्या रमणक बेटावरचा. गरुडाशी वैर झालं म्हणून पळाला आणि यमुनेच्या डोहात येऊन लपला, कारण सौभरी ऋषींच्या शापामुळे तिथे गरुडाला येता येत नव्हतं. कृष्णाने त्याला मारलं नाही. बायकामुलांसह पुन्हा समुद्रात जायला सांगितलं. फण्यांवर उमटलेली पावलं हेच गरुडापासूनचं अभयपत्र.

ग्रंथात कालियाची डोकी एकशे एक. कागदावर पाच, फार तर सात. लाकडी ठसा कोरणाऱ्याच्या हातात वितीएवढी चौकट, एवढ्या जागेत एकशे एक फणे काढले तर कृष्णाने पाय ठेवायचा कुठे? म्हणून फणे घटले. आणि समुद्रातला हा जीव दिसतो कसा, तर बांधावरच्या नागासारखा. फणीही तीच, आपल्याकडे जिला ‘दहाचा आकडा’ म्हणतात त्या खुणेची. पाण्यातलं काही दाखवायचं तर चार नागमोडी रेघा आणि एखादं कमळ. कालियाच्या बायका कमरेपर्यंत बायका, खाली शेपट्या, हात जोडलेले. कोरणाऱ्याने समुद्र पाहिला होता की नाही याने काही बिघडत नव्हतं. त्याच्यापुढे आधीचं एक चित्र होतं.

हीच गोष्ट पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, लाकडावरच, फार गाजावाजा करून घडली. झुरिकच्या कोनराड गेसनर या वैद्याने १५५१ ते १५५८ या काळात प्राण्यांविषयीच्या जाडजूड ग्रंथाचे चार भाग काढले. चौथा, १५५८चा, जलचरांचा. त्यात नेमकेपणाने काढलेले खरे मासे आहेत आणि त्यांच्याच पंगतीत डोक्यावरून पाण्याचे फवारे उडवणारे, सुळे बाहेर आलेले, जहाज गिळायला निघालेले राक्षसही आहेत. हे राक्षस गेसनरने पाहिले नव्हते. बरेचसे त्याने ओलाउस माग्नुस या स्वीडिश धर्मगुरूच्या १५३९ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या नकाशावरून उचलले. तो नकाशाही लाकडी ठशांचा, नऊ तावांचा. गेसनर बावळट नव्हता. या आकृत्यांची जबाबदारी त्याने ओलाउसवर टाकली आणि आपल्याला शंका असल्याचं लिहूनही ठेवलं. पण शंका राहिली लॅटिन मजकुरात आणि चित्र मात्र जगभर गेलं.

‘समुद्रसाधू’चं पाहा. डोक्याचा मध्य भादरलेला, अंगावर खवल्यांची कफनी, हातांच्या जागी पर. डेन्मार्कच्या बाजूला सापडल्याची बातमी होती. फ्रान्सच्या गियोम रोंदले या वैद्याने १५५४च्या मत्स्यग्रंथात तो छापला; चित्र त्याला नावारच्या राणी मार्गरीतकडून मिळालेलं. तिथून तो गेसनरकडे गेला. पुढे तीनशे वर्षांनी, १८५०च्या दशकात, यापेतुस स्टेनस्ट्रुप या डॅनिश प्राणिशास्त्रज्ञाने हा बहुधा एक महाकाय माखूल असावा असं मांडलं. माखूल म्हणजे कोकणातल्या बाजारात मिळतो त्याचाच अजस्र भाऊबंद. त्याचा साधू करायला दोन-तीन हातांतून गेलेलं चित्र पुरलं.

या गोष्टीत आपल्याकडचाही एक मुक्काम आहे. १५१५ साली गुजरातच्या सुलतान दुसऱ्या मुझफ्फरने पोर्तुगिजांना दिलेला एक गेंडा गोव्याहून जहाजाने लिस्बनला गेला. न्यूरेंबर्गच्या आल्ब्रेख्त ड्यूररने तो कधी पाहिला नाही. हाती आलेल्या वर्णनावरून आणि एका कच्च्या रेखाटनावरून त्याने लाकडी ठसा केला. गेंड्याला चिलखत चढवलं, मानेवर एक जास्तीचं शिंग बसवलं. गेसनरने तोच आपल्या ग्रंथात घेतला. खरा गेंडा पुढल्याच वर्षी इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून मेला. जास्तीच्या शिंगाचा गेंडा दोन-अडीचशे वर्षं युरोपच्या पुस्तकांतून चरत राहिला.

ठशाचं तंत्र असं आहे की नक्कल सोपी. लाकडाच्या फळीवर चित्र काढायचं, रेघा सोडून बाकीचं कोरून टाकायचं, उरलेल्या उंच रेघांना शाई लावून कागद दाबायचा. छापलेलं चित्र समोर ठेवून दुसऱ्याने जशास तसं कोरलं की त्याच्या छाप्यात उजव्याचं डावं होतं. दोन चित्रांत एकाने दुसऱ्यावरून घेतल्याचा माग पुष्कळदा या उलटेपणावरून लागतो. बारीक छटा मात्र लाकूड सहन करत नाही. म्हणून जाड रेघ, मोठे डोळे, रिकामी पार्श्वभूमी. जिवतीच्या देवांचे ते वटारलेले डोळे भक्तीने जितके आलेत तितकेच हत्याराच्या धारेने.

पण कागदाच्या आधी जिवती कुठे होती? भिंतीवर. आणि तसं लेखी सांगून ठेवलेलं आहे, तेही महाभारतात. मगधाच्या बृहद्रथ राजाला दोन राण्या, काशीराजाच्या जुळ्या मुली. चंडकौशिक ऋषींनी दिलेला एकच आंबा दोघींनी अर्धा अर्धा खाल्ला, तर प्रत्येकीला अर्धं अर्धं मूल झालं. दायांनी ते तुकडे बाहेर टाकले. जरा नावाच्या राक्षसिणीने ते उचलून एकत्र धरले आणि सांधून जिवंत मूल झालं. तोच जरासंध. सभापर्वात जरा राजाला सांगते की मुलांच्या घोळक्यात असलेली, तरुण अशी मला जो भक्तीने भिंतीवर काढेल, त्याच्या घरात भरभराट होईल. आजच्या कागदावरच्या तिसऱ्या चौकटीचं वर्णन यापेक्षा वेगळं करता येत नाही. चुना, गेरू, गंध यांनी बायका जे भिंतीवर काढत, त्याचं काम छापखान्याने आपल्याकडे घेतलं.

आता वर पाहा आणि खाली पाहा. जिने जरासंधाला जगवलं ती तिसऱ्या चौकटीत. त्याचा जन्माचा वैरी कृष्ण बरोबर तिच्या डोक्यावर नाचतोय. सतरा वेळा मथुरेवर चालून आलेला जरासंध शिशुपालाच्या वऱ्हाडाबरोबर कुंडिनपुरातही आला होता, रुक्मिणीच्या लग्नाला. ते कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातलं, वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूर. कृष्ण वऱ्हाडचा जावई झाला आणि जरासंध हात चोळत परतला. तरी वऱ्हाडातल्या बायका दर शुक्रवारी कृष्ण आणि जरा या दोघांना एकाच निरांजनाने ओवाळतात. मूल जगवणारीला कोणाचं मूल जगवलं हे इथे कुणी विचारत नाही. परगावी असलेल्या लेकरांसाठी चार दिशांना अक्षता टाकायची रीतही याच पूजेतली. पुण्याच्या कंपनीत रात्रपाळी करणाऱ्या पोराच्या वाट्याच्या अक्षता बडनेरा-मूर्तिजापूरच्या घरांत पश्चिमेकडे पडतात.

भिंतीवरून कागदावर येण्याचा काळ एकोणिसाव्या शतकाचा. लाकडी ठसे होतेच. त्यात दगडावरून छापणारा शिळाप्रेस आला. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापलं आणि धार्मिक मजकूर छापील कागदावर आला तर बाटत नाही, हे हळूहळू पटत गेलं. पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा प्रेस निघाला. १८९४ मध्ये रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत सुरू होऊन पुढे मळवलीला गेला. १८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला पोचली होती. जाताना कापसाच्या गाठी आणि येताना छापील माल, असा तो रस्ता.

रविवर्म्यांच्या छापखान्याने देवांना मांस, सावली आणि झुळझुळीत शालू दिले. घरोघरचे देव बदलले. जिवती मात्र बदलली नाही. एक तर तिची किंमत. महिनाभराच्या कागदाला सोळा रंगांचे दगड कोण चढवणार? दुसरं म्हणजे ओळख. सासूने पाहिलेली जिवती सुनेला हवी, तशीच. म्हणून शिळाप्रेस जाऊन ऑफसेट आला तरी स्वस्त कागदावर अजून ठशाच्या वळणाची रेघ दिसते, लाकूड नसतानाही. अलीकडे चकचकीत, इंद्रधनुषी पार्श्वभूमीची संगणकावरची जिवती मिळते, चांदीच्या पत्र्यावरची मिळते, व्हॉट्सॲपवर फुकट येते. त्यातला कालिया एखाद्या कार्टूनमधल्यासारखा हसरा झालाय. हे अधोगतीचं लक्षण वगैरे नाही, पण चित्र म्हणून जुनी रेघ कितीतरी उजवी.

गेसनरच्या राक्षसांचंही पुनर्मुद्रण जोरात आहे. न्यूयॉर्कच्या डोव्हर प्रकाशनाने १९७१ मध्ये त्याच्या निवडक ठशांचं पुस्तक काढलं. आता ते समुद्री साप जुनाट पिवळ्या कागदाचा आव आणून ऑनलाइन विकले जातात. फ्रेम करून दिवाणखान्यात लावता येतात. मूळ ग्रंथाच्या प्रती युरोपातल्या मोठ्या ग्रंथालयांत काचेआड आहेत, तारखेसकट. जिवतीचं नशीब उलटं. ती वापरून संपते. कुणी नवा कागद जुन्यावरच डकवतं, कुणी निर्माल्याबरोबर नदीत सोडतं. ज्या वस्तूच्या प्रती घरोघरी गेल्या, तिच्या जुन्या प्रती शोधाव्या लागतात ही आपल्या छपाईच्या इतिहासातली मोठी गळती आहे, आणि ती सरकारने नव्हे, आपणच केलेली आहे.

तेव्हा येत्या दिव्यांच्या अवसेला जुना कागद उतरवाल, तर विसर्जनाआधी दोन गोष्टी करा. खालच्या समासात छापखान्याचं किंवा प्रकाशकाचं नाव आहे का ते पाहा, आणि उजेडात धरून कागदाच्या चारही चौकटींचा एक स्वच्छ फोटो काढून ठेवा. आजीच्या ट्रंकेत तळाला घातलेली एखादी जिवती सापडली, तर ती मात्र नदीत सोडू नका.