घोट्याचे संधिदर्शन

घोट्याचा सांधा मोठा छेद घेऊन न उघडता, काही मिलिमीटरांच्या दोन छिद्रांतून बारीक दुर्बीण व हत्यारे आत घालून करावयाची शस्त्रक्रिया. टोकिओच्या केन्जी ताकागी यांनी १९१८ मध्ये मृतदेहाच्या गुडघ्यात दुर्बीण घालून या विद्येचा पाया घातला. परंतु घोट्यातील फट इतकी अरुंद की, न्यूयॉर्कच्या मायकेल बर्मन यांनी १९३१ साली हा सांधा या कामी निरुपयोगी असल्याचा निकाल देऊन टाकला. तो घाईचा ठरला : दुर्बिणी बारीक होताच ताकागींचेच शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९७२ मध्ये २८ घोट्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

मिठाच्या निर्जंतुक पाण्याने सांधा फुगवून आतील बाजूचे छिद्र प्रथम घेतात. बाहेरच्या छिद्रापाशी मात्र शल्यविशारदाचे कसब पणास लागते. कारण पावलाच्या पाठीला संवेदना पुरविणारी मज्जातंतूची शाखा तेथे त्वचेच्या अगदी निकट असते, आणि पाऊल खाली व आत वळविले असता पुष्कळांत ती कातडीखाली ताणलेल्या दोऱ्यासारखी उमटते. म्हणून चाकूने केवळ त्वचा छेदून पुढील वाट बोथट चिमट्याने फाकवीत नेण्याचा दंडक आहे. सुटलेले कूर्चेचे तुकडे काढणे, पुढील कडेचे वाढलेले हाड घासणे, क्वचित झिजलेला सांधा कायमचा जखडणे, ही कामे याच वाटेने होतात.