शाळेच्या भिंतीवरील नावे

आपल्याकडील कोणत्याही जुन्या हायस्कुलात जा. सभागृहाच्या भिंतीवर काळ्या लाकडी फळ्या टांगलेल्या दिसतील. त्यांवर सोनेरी अक्षरांत सन लिहिलेला असतो आणि सनापुढे नाव. मॅट्रिकला शाळेत पहिला कोण आला, जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती कोणी मिळवली, हे सारे त्या फळ्या पिढ्यान् पिढ्या सांगत असतात. नवा विद्यार्थी तेथे उभा राहतो, आपल्या आडनावाचा कोणी सापडतो का ते पाहतो, आणि न सांगता काही शिकून जातो.

आता त्याच शाळेच्या मुख्याध्यापकांच्या खोलीत जा. काचेच्या कपाटात चांदीचे, पितळेचे पेले असतात. त्यांवर स्पर्धेचे नाव कोरलेले असते, कधी सालही असते. पण पेला कोणी जिंकून आणला हे बहुधा नसते. ज्या शिक्षकाने त्या मुलांना पहाटे उठवून मैदानावर नेले, त्याचे नाव तर कोठेच नसते. विद्येचा मान भिंतीवर आणि खेळाचा मान कपाटात, अशी ही वाटणी आहे. ती कोणी मुद्दाम केली असे आम्ही म्हणत नाही. परंतु ती झाली आहे, आणि तिच्यामुळे काय काय हरवते याचा विचार आज करावयाचा आहे. शाळेने आपल्या माजी खेळाडूंचा सन्मान का करावा, केव्हा करावा, आणि त्यांच्याबरोबर आणखी कोणाचा करावा, असे हे तीन प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे आम्ही तीन गावांच्या इतिहासातून शोधणार आहोत.

पहिले गाव आपले कराड. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमाजवळच्या या गावालगत गोळेश्वर नावाचे खेडे आहे. तेथे १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा जाधव यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल होते, त्यामुळे लाल मातीची ओळख घरातच झाली. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात झाले. बाबूराव बलावडे, बेलापुरे गुरुजी, कोल्हापुरास गोविंद पुरंदरे अशी त्यांना घडविणाऱ्यांची नावे सांगितली जातात. देहयष्टी लहान, पण चपळाई विलक्षण, अशा या तरुणाला १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने लंडनच्या ऑलिंपिकला जाता आले. मातीत खेळलेल्या मल्लाला तेथे गादीवर खेळावे लागले. नियम नवे, पकडी नव्या. अमेरिकेचे रीस गार्डनर यांनी त्यांना तेथे मार्गदर्शन केले. खाशाबा आपल्या वजनगटात सहावे आले.

चार वर्षांनी हेलसिंकीस जावयाचे होते. या वेळी अडचण निराळीच होती. अंगात बळ होते, डाव तयार होते, परंतु खिशात पैसा नव्हता. लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली. तेवढ्याने भागेना, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. येथे क्षणभर थांबावे असे आम्हांस वाटते. प्राचार्य म्हणजे काही सावकार नव्हे. विद्यार्थ्याने पदक आणले असते किंवा नसते. घर मात्र गहाण पडलेच होते. १९५२ च्या जुलैत हेलसिंकी येथे खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ऑलिंपिकमधील हे पहिले वैयक्तिक पदक होय. दुसरे मिळावयास १९९६ साल उजाडले. लिअँडर पेसने ते टेनिसमध्ये मिळविले. मधली चव्वेचाळीस वर्षे कराडचा हा मल्ल त्या मानाचा एकटा धनी होता.

गावाने त्यांचे स्वागत कसे केले? शंभरावर बैलगाड्या जुंपून लोकांनी त्यांची मिरवणूक काढली. ढोलताशे होते, गुलाल होता. हा सन्मान खराच होता, त्यात काही खोट नव्हती. परंतु मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी कुस्त्यांचे फड लावले, स्वतः मैदानात उतरले, आणि त्या उत्पन्नातून प्राचार्यांचे घर सोडविले. पदक गळ्यात घालून फिरण्याआधी शिष्याने गुरूचे ऋण फेडले. आमच्या मते त्या साऱ्या सोहळ्यातला मोठा सत्कार हाच होता, आणि तो सरकारने किंवा संस्थेने केलेला नव्हता; खेळाडूने शिक्षकाचा केलेला होता.

पुढे काय झाले? १९५५ साली ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर झाले. नोकरी प्रामाणिकपणे केली आणि असिस्टंट कमिशनरच्या पदावरून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मृत्यूनंतर पंधरा-सोळा वर्षांनी. दिल्लीच्या कुस्ती स्टेडियमला त्यांचे नाव दिले गेले ते २०१० साली. त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन म्हणून २०२४ पासून साजरा होऊ लागला. हे सर्व योग्यच झाले. पण हार घालावयाचा तो गळ्यात; तसबिरीला घातलेला हार घरच्यांना समाधान देतो, ज्याचा तो त्याला पोचत नाही. केव्हा सन्मान करावा, या प्रश्नाचे उत्तर कराडने असे दिले आहे.

दुसरे गाव फार दूरचे, अमेरिकेतील क्लीव्हलंड. १९१३ साली अलाबामा संस्थानात एका निग्रो शेतमजुराच्या घरी जन्मलेला एक मुलगा नऊ वर्षांचा असताना आईबापांबरोबर या कारखान्यांच्या शहरी आला. घरी त्याला जे. सी. म्हणत. शाळेतल्या बाईंना त्याचा दक्षिणी उच्चार नीट समजला नाही; त्यांनी हजेरीपटावर ‘जेसी’ लिहिले, आणि जन्मभर तो जेसी ओवेन्सच राहिला. शाळेने दिलेले नाव पुढे जगाच्या इतिहासात गेले, असा हा योग आहे.

फेअरमाउंट नावाच्या त्याच्या माध्यमिक शाळेत चार्ल्स रायली हे व्यायामशिक्षक होते. त्यांनी या किडकिडीत मुलाची धाव पाहिली आणि त्याला संघात घ्यावयाचे ठरविले. सराव शाळा सुटल्यावर चाले. पण जेसीला त्या वेळी पोटासाठी काम करावे लागे. दुसरा कोणी म्हणाला असता, वेळ नसेल तर खेळू नकोस. रायलींनी सांगितले, आपण सकाळी शाळेआधी भेटू. मास्तर गोरे, मुलगा काळा, आणि काळ असा की त्यांनी एका बाकावर बसणेही देशाच्या निम्म्या भागात गुन्हा ठरावा. तरी रोज सकाळी ते दोघे मैदानावर हजर असत. ओवेन्स पुढे ईस्ट टेक्निकल हायस्कुलात गेला आणि १९३३ साली शिकागो येथील शालेय स्पर्धेत शंभर यार्ड ९.४ सेकंदांत धावून त्याने तेव्हाच्या जागतिक उच्चांकाशी बरोबरी केली. तो अजून शाळकरी मुलगा होता.

२५ मे १९३५ रोजी अॅन आर्बर येथे त्याने पाऊण तासाच्या आत तीन जागतिक उच्चांक मोडले आणि चौथ्याशी बरोबरी केली. १९३६ साली बर्लिनला, हिटलरच्या डोळ्यांदेखत, चार सुवर्णपदके जिंकली. मायदेशी मिरवणूक निघाली. पण न्यूयॉर्कच्या ज्या हॉटेलात त्याचा सत्कार होता तेथे त्याला मालवाहू लिफ्टने वर जावे लागले. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्याकडून अभिनंदनाचा शब्द आला नाही. पोटासाठी ऑलिंपिक विजेता घोड्यांशी शर्यती धावला. देशाचा मोठा नागरी सन्मान त्याला मिळाला तो १९७६ साली, चाळीस वर्षांनी. आणि १९८० च्या मार्चमध्ये तो वारला.

बर्लिनला प्रत्येक सुवर्णविजेत्यास पदकाबरोबर ओक वृक्षाचे एक रोपटे देत. ओवेन्सने आणलेल्या रोपट्यांपैकी एक क्लीव्हलंडच्या र्‍होड्स हायस्कुलाच्या आवारात लावले गेले. या शाळेच्या धावपट्टीवर तो सराव करी. राष्ट्राध्यक्षांचे पत्र आले नाही, पण शाळेच्या अंगणात ते झाड वाढत राहिले. त्याच्याजवळून किती मुले धावत गेली असतील! झाड म्हातारे झाले तेव्हा शहरातील जाणत्या माळ्यांनी त्याच्या फांद्यांवरून कलमे तयार केली आणि २०२१ साली त्यातील एक रोप तेथील एका उद्यानात लावले. का सन्मान करावा, या प्रश्नाचे उत्तर त्या झाडापाशी मिळते. राज्यकर्त्यांचा सन्मान वाऱ्यावर हलणारा असतो. शाळेचा सन्मान मूळ धरतो, कारण त्याच्या सावलीत पुढची पिढी उभी असते.

तिसरे गाव मुंबईतील दादर. तेथे शिवाजी पार्कच्या मैदानावर रमाकांत आचरेकर मुलांना क्रिकेट शिकवीत. शारदाश्रम विद्यामंदिराचा संघ त्यांच्या हाताखाली तयार होई. एका मुलाचे गुण पाहून त्यांनी त्याला शाळा बदलून शारदाश्रमात येण्यास सुचविले. तो सचिन तेंडुलकर. दिवसाच्या शेवटी ते यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. गोलंदाजाने सचिनला बाद केले तर नाणे त्याचे, सचिन नाबाद राहिला तर सचिनचे. १९८८ च्या फेब्रुवारीत हॅरिस शील्डच्या उपान्त्य सामन्यात आझाद मैदानावर सचिन व विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभंग भागी केली. सचिनच्या ३२६, कांबळीच्या ३४९. हे आकडे मुंबईच्या पोरासोरांना पाठ आहेत. पण ते घडण्यापूर्वी एका मास्तरांनी वर्षानुवर्षे उन्हातान्हात उभे राहून, मुलांना एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत जे केले, त्याचा आकडा कोठल्याच धावफलकावर लागत नाही. आचरेकर सरांना १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, २०१० साली पद्मश्री मिळाली. २ जानेवारी २०१९ रोजी ते निवर्तले, आणि २०२४ च्या डिसेंबरात शिवाजी पार्कवर त्यांचे स्मारक उभे राहिले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आपल्या देशाने खेळाडूंसाठी अर्जुन पुरस्कार सुरू केला १९६१ साली. प्रशिक्षकांसाठी द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला १९८५ साली. अर्जुनाला नमस्कार केल्यावर द्रोणांची आठवण होण्यास चोवीस वर्षे लागली! पहिल्याच वर्षी पी. टी. उषेचे गुरू ओ. एम. नंबियार यांच्याबरोबर कुस्तीतील भालचंद्र भास्कर भागवत यांचाही गौरव झाला. आणि द्रोणांचे नाव घेतले की आपल्याकडे एकलव्याचे नाव आपोआप येते. म्हणून गुरूचा सन्मान करताना तो कोणाला शिकवीत होता एवढेच पाहून भागणार नाही. दारातून कोणाला परत पाठवीत नव्हता हेही पाहिले पाहिजे. त्या कसोटीला रायली मास्तर उतरतात, आणि घर गहाण टाकणारे प्राचार्य खर्डेकरही उतरतात.

कोणी म्हणतील, खेळाडूंची नावे भिंतीवर लावली तर मुले पुस्तके टाकून मैदानावर पळतील. ही भीती जुनी आहे. परंतु खाशाबा कॉलेजात शिकले होते, ओवेन्स विद्यापीठात गेला होता. शाळेने मैदान सोडले तर मुलाची शाळा सुटत नाही. सुटते ते मैदान, आणि ते एकदा सुटले की परत मिळत नाही. दुसरे कोणी विचारतील, ज्यांना पदक मिळाले नाही त्यांचे काय? प्रश्न रास्त आहे. लंडनला खाशाबा सहावे आले होते. त्या दिवशी त्यांना कोणी विसरून गेले असते तर हेलसिंकीचा दिवस उगवलाच नसता. म्हणून शाळेच्या नोंदीत केवळ विजय नसावेत. कोण कोठवर पोचला हेही असावे.

आमचे म्हणणे फार खर्चाचे नाही. प्रत्येक हायस्कुलाने आणखी एक फळी करावी. तीवर सन लिहावा, खेळाडूचे नाव लिहावे, आणि त्याच ओळीत, त्याच आकाराच्या अक्षरांत, त्याला शिकविणाऱ्याचे नाव लिहावे. तो पगारी शिक्षक असो, तालमीचा वस्ताद असो, किंवा मैदानाची आखणी करता करता मुलांना धावावयास शिकविणारा शिपाई असो. ज्यांची नावे विसरली गेली आहेत ती गावातल्या म्हाताऱ्यांना विचारावी. अजून सांगणारे काही उरले आहेत. आणि वर्षातून एकदा, स्नेहसंमेलनाच्या दिवशी, त्यांतील जे हयात आहेत त्यांना बोलावून विद्यार्थ्यांसमोर पुढच्या रांगेत बसवावे.

तसबिरी पुढे लागतीलच. आधी खुर्ची मांडावी, एवढीच आमची विनंती आहे.