हिऱ्याचे पातळ पटल व बीजारोपण

हिऱ्याचे पातळ पटल : कार्बनयुक्त वायूचे विघटन करून घन पृष्ठावर वाढविलेला हिऱ्याचा थर. सिलिकॉनसारख्या परक्या पृष्ठावर हिरा सहजासहजी वाढत नाही. म्हणून त्यावर आधी हिऱ्याचे अतिसूक्ष्म कण पसरवितात. या क्रियेला बीजारोपण म्हणतात. पटल सलग होईल की नाही, हे मुख्यतः या बीजांच्या दाटीवर ठरते.

इतिहास : हिरा हा निव्वळ कार्बन आहे, हे स्मिथसन टेनंट यांनी १७९७ मध्ये सिद्ध केले. त्यानंतर कृत्रिम हिरा तयार करण्याचे अनेक प्रयत्न झाले. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत १९५४ मध्ये प्रचंड दाब व उच्च तापमान वापरून त्यात यश आले. मात्र या पद्धतीने सुटे स्फटिक मिळतात, एखाद्या वस्तूवर थर चढविता येत नाही.

कमी दाबाखाली हिरा वाढविण्याचे काम याच सुमारास युनियन कार्बाइड कंपनीतील विल्यम एव्हर्सोल यांनी केले. त्यांनी हिऱ्याच्या भुकटीवरच कार्बनयुक्त वायूपासून नवा हिरा वाढविला. म्हणजे या शास्त्राचा आरंभच बीजापासून झाला. मॉस्को येथे बरीस डेर्यागिन व त्यांचे सहकारी आणि अमेरिकेत जॉन अँगस यांनी हे संशोधन पुढे नेले. कमी दाबाखाली ग्रॅफाइट हे कार्बनचे अधिक स्थिर रूप असल्याने हिऱ्याबरोबर तेही साचते. आणवीय हायड्रोजन मात्र ग्रॅफाइटचा नाश हिऱ्यापेक्षा फार जलद करतो. या गुणधर्माचा उपयोग झाल्यावर वाढीचा वेग व्यवहार्य झाला. हिऱ्याव्यतिरिक्त अन्य पृष्ठांवरील वाढीचे वृत्त रशियन गटाने १९८१ मध्ये प्रसिद्ध केले. जपानमधील मात्सुमोटो, कामो, सातो व सेताका यांनी १९८२ मध्ये तप्त तंतूची व १९८३ मध्ये सूक्ष्मतरंग प्लाझ्माची पद्धत वर्णिली. या पद्धतींत हायड्रोजनमध्ये सुमारे एक टक्का मिथेन मिसळतात व पृष्ठ सामान्यतः ७०० ते १,०००° से. तापमानास ठेवतात.

बीजांचा प्रश्न : गुळगुळीत सिलिकॉनवर दर चौ. सेंमी.ला १०,००० च्या आसपासच स्फटिक उगवतात. त्यांतील सरासरी अंतर ०·१ मिमी. असल्याने ते एकमेकांस भिडेपर्यंत थर जाड व खडबडीत होतो. पृष्ठ हिऱ्याच्या भुकटीने घासले, तर ही संख्या एक ते दहा कोटींपर्यंत जाते. ओरखड्यांच्या कडांवर स्फटिक उगवतात, असे स्पष्टीकरण यासाठी दिले जाई. परंतु सुमिओ ईजिमा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखविले की, घासताना हिऱ्याचे कण पृष्ठात रुतून राहतात व तेच बीजाचे कार्य करतात. तेव्हा पृष्ठ न घासता थेट कणच पेरावेत, हा विचार बळावला.

त्यासाठी लागणारे कण युद्धसाहित्याच्या संशोधनातून मिळाले. ऑक्सिजनची उणीव असलेल्या स्फोटकांचा बंद पात्रात स्फोट केल्यास काजळीत ४ ते ५ नॅनोमीटर आकाराचे हिरे सापडतात, हे सोव्हिएट शास्त्रज्ञांना १९६३ मध्ये आढळले होते. जगाला ते १९८८ च्या सुमारास कळले. हे कण घट्ट पुंजक्यांत राहतात, ही अडचण होती. एइजी ओसावा व सहकाऱ्यांनी सूक्ष्म मण्यांच्या साहाय्याने दळून ते सुटे करण्याची रीत २००५ मध्ये प्रसिद्ध केली. ऑलिव्हर विल्यम्स व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अशा सुट्या कणांनी दर चौ. सेंमी.ला १०० अब्जांहून अधिक बीजे मिळविली. एवढ्या दाटीत दोन बीजांतील अंतर सुमारे ३० नॅनोमीटर असते. म्हणून अत्यंत पातळ पटलही सलग होते. हायड्रोजनमध्ये तापविलेल्या कणांवर पाण्यात धन विद्युत् भार असतो, तर सिलिकॉनवरील ऑक्साइडाच्या थरावर ऋण. परिणामी वस्तू द्रवात बुडविताच कण तिला चिकटतात व परस्परांना दूर सारून सारखे पसरतात.

महाराष्ट्रातील कार्य : पुणे विद्यापीठात पाण्याखालील लोखंडावर लेसर स्पंद टाकून त्याचे ऑक्सिडीभवन घडविण्याचे प्रयोग झाले; त्यांचे वृत्त १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. याच मार्गाने सतीशचंद्र ओगले, अजय मालशे व सहकाऱ्यांनी बेंझिनमध्ये बुडविलेल्या ग्रॅफाइटवर माणिक-लेसरचे स्पंद टाकून हिऱ्याचे कण मिळविले (१९९२). बीजारोपण हा त्या प्रयोगाचा विषय नव्हता. तथापि प्रचंड दाबाच्या यंत्राशिवाय वा स्फोटकाशिवाय हिऱ्याचे सूक्ष्म कण निर्माण करता येतात, हे त्याने दाखविले.

उपयोग व मर्यादा : संत तुकाराम नगरच्या परिसरापासून भोसरी व चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यासारख्या वाहननिर्मितीच्या क्षेत्रात या पटलांचे महत्त्व सहज लक्षात येते. ॲल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रधातूतील कठीण सिलिकॉन कणांमुळे कर्तन हत्यारांची धार लवकर बोथटते. हिऱ्याचा थर ती टिकवितो. पोलादासाठी मात्र हा थर निरुपयोगी ठरतो, कारण तापलेल्या लोखंडात हिऱ्याचा कार्बन विरघळतो. टंगस्टन कार्बाइडाच्या हत्यारातील कोबाल्टही ग्रॅफाइटाची निर्मिती वाढवितो. म्हणून पृष्ठालगतचा कोबाल्ट अम्लाने काढून मगच बीजारोपण करतात. ही पूर्वतयारी अपुरी राहिली वा बीजे विरळ पडली, तर थराखाली पोकळ्या राहतात आणि कापताना तो पापुद्र्यासारखा सुटतो. जगातील सर्वांत कठीण पदार्थाचे हे आवरण अखेर त्याच्या तळाशी न दिसणाऱ्या पेरणीवरच टिकून असते.