लॉरीचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द मराठीत देवळांसाठी, फार तर तळ्याविहिरींसाठी राखून ठेवलेला आहे. मालवाहू लॉरीस तो लावला तर श्रोत्यांना किंचित हसू येईल. परंतु डहाणू-तलासरीसारख्या मुलखातील लॉऱ्यांच्या दुरुस्तीची हकीकत पाहिली म्हणजे दुसरा शब्द सुचत नाही.

हा प्रदेश गवताचा आणि लाकडाचा. १८६४ साली मुंबईहून बडोद्याकडे लोहमार्ग सुरू झाला आणि येथील मालास मुंबईची बाजारपेठ जवळ आली. रानापासून स्टेशनापर्यंतची वाट मात्र बैलगाडीचीच राहिली. १९२८ मध्ये जनरल मोटर्स कंपनीने शिवडीस मोटारी जोडण्याचा कारखाना काढला, तेव्हा शेव्हरोले लॉऱ्या मुंबई इलाख्यात सुलभ झाल्या. पुढे महायुद्ध आले. नव्या गाड्या लष्कराने घेतल्या, पेट्रोलवर नियंत्रण आले, आणि काही गाड्या लोणारी कोळशाच्या वायूवरदेखील चालविण्यात आल्या! युद्ध संपताच लष्कराला नकोशा झालेल्या गाड्या विक्रीस निघाल्या. त्यांत कॅनडात घडलेल्या फोर्ड व शेव्हरोले ट्रकही होते. त्यांचा लष्करी साज उतरवून वर लाकडी हौदा चढविला की झाली व्यापाऱ्याची लॉरी.

अशा लॉरीची पहिली तक्रार अगदी क्षुल्लक असे: एंजिनात ठोका येतो. शेव्हरोलेच्या २१६ घनइंची एंजिनात कनेक्टिंग रॉडच्या तोंडाशी बॅबिट नावाचा मऊ मिश्रधातू ओतून बेअरिंग केलेले असे, ते झिजले म्हणजे ठोका वाजू लागे. खालचे चेंबर उतरवावे, रॉडच्या टोपीखालची पातळ पत्री काढावी, पुन्हा आवळावे; अर्ध्या दिवसाचे काम. पण चेंबर उतरल्यावर क्रँकचा गोलावा गेलेला दिसे. क्रँक काढायचा तर एंजिन उचलणे आले. एंजिन उचलले की चॅसीच्या आडव्या पट्टीला गंजाने पाडलेली भोके उघडी पडत. डहाणूची खारी हवा लोखंडाला कधीच मानवली नाही. त्या भोकांवर पट्टी ठेवून रिव्हेट मारायला केबिन हलवावी, तर पावसाने कुजलेले तिचे लाकूड हातात येई. ठोक्यासाठी आलेली लॉरी अशी सगळी सुटी होऊन पडे.

सुटे भाग मिळते तर गोष्ट निराळी होती. परंतु १९५३ साली सरकारने देशात भाग घडविण्याचा कार्यक्रम नसलेल्या परदेशी कंपन्यांना काम आवरण्यास सांगितले, आणि १९५४ मध्ये शिवडीचा कारखाना बंद झाला. वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून गाड्या निघत होत्या खऱ्या, पण जुन्या शेव्हरोलेला त्यांचा काय उपयोग? मग मिस्त्रीच कारखाना झाला. बॅबिट वितळवून त्यात काडी बुडवायची आणि ती किती करपते यावरून उष्णता ओळखायची. ओतलेल्या बेअरिंगला निळा रंग फासून उठाव पाहायचा, आणि क्रँक नीट बसेपर्यंत खरवडत राहायचे. हे काम घाईचे नव्हे.

लॉरीविषयी बोलताना तिचा हौदा भरणारे हात विसरून चालत नाही. तलासरीचा मुलूख तेव्हा उंबरगाव तालुक्यात होता. १९४५ च्या ऑक्टोबरात तेथील व डहाणूच्या वारल्यांनी ५०० पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मागितले आणि काम थांबविले. तलवाड्यास पोलिसांनी गोळी चालविली. जेठ्या गांगड त्यात मारला गेला. लॉरीच्या एका पाट्याला किती पैसे पडतात हे मालकाला पाठ असेल. गवताच्या कापणीचा दर मात्र रक्त सांडून ठरला.

आता हौशी लोक असल्या जुन्या गाड्या शोधून पूर्वरूपास नेऊ पाहतात. हौस स्तुत्य आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांपलीकडच्या, व्यापारासाठी न वापरल्या जाणाऱ्या दुचाकी-चारचाकींना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली. अट एवढीच की गाडी मूळ रूपात असावी, तिच्यात मोठी उलथापालथ झालेली नसावी. पण या लॉऱ्या तर उलथापालथ झाली म्हणूनच जगल्या! त्यांचे मूळ रूप कोणते मानावे, १९४३ चे लष्करी की हौद्याचे? लष्करी रूपाचा मोह सहज पडतो, आणि तोच चुकीचा आहे. हौदा उतरवून तेथे हिरवे कॅनव्हास ताणले म्हणजे गवताची लॉरी नाहीशी होते. चॅसीच्या आडव्या पट्टीवर मिस्त्रीने मारलेले रिव्हेट काय ते उरतात, तेही कोणी घासून काढले नाहीत तर.