सुरतेचा कौल

निवडणुकीचा निकाल जाहीर झाला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत ‘जनतेचा कौल’ हे शब्द ठळक अक्षरांत झळकतात. या शब्दाचा जुना अर्थ आज फारसा कोणाच्या ध्यानात राहिलेला नाही. शिवकालात आणि पेशवाईत कौल द्यावयाचा तो सरकारने आणि घ्यावयाचा तो रयतेने. जुलमाला, दुष्काळाला किंवा लष्करांच्या धामधुमीला कंटाळून एखाद्या गावची कुळे परागंदा झाली, शेजारच्या अंमलात जाऊन राहिली, की सरकारातून कौलनामा निघत असे. परत या, गावची वस्ती करा, पड जमिनीचा सारा काही वर्षे सवलतीने घेतला जाईल, कोणी उपसर्ग देणार नाही, असा त्याचा आशय असे. रयतेने गाव सोडणे हे गाऱ्हाणे आणि कौल हे त्या गाऱ्हाण्याचे उत्तर. पुढे राज्यकर्ते निवडण्याचा अधिकार लोकांच्या हाती आला, तेव्हा हाच शब्द उलट दिशेने वाहू लागला.

तथापि मताचा अधिकार मिळाला म्हणून देश सोडून जाण्याची भाषा संपली असे नाही. २०१६ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीचे आकडे बाहेर पडत होते, त्या रात्री शेजारच्या कॅनडाच्या स्थलांतर खात्याच्या संकेतस्थळावर एवढी गर्दी लोटली की ते काही काळ बंद पडले. गर्दी करणारांपैकी बहुतेक जण आपापल्या घरीच राहिले, हे सांगावयास नकोच. ज्यांच्या हाती मत होते त्यांचा हा विचार रात्रीपुरता होता. ज्यांच्या हाती मत नव्हते, राज्यकर्त्याविषयीची नापसंती नोंदविण्यास निघून जाण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता, त्यांनी तो कसा चोखाळला हे पाहावयाचे तर सुरतेकडे वळावे लागते.

मराठी वाचकाला सुरत दोन कारणांनी ठाऊक असते. १६६४ आणि १६७० या दोन वर्षी शिवाजी महाराजांनी ती लुटली हे एक, आणि १९०७ च्या डिसेंबरात तापीकाठच्या मंडपात काँग्रेसचे अधिवेशन मोडले हे दुसरे. तोही तंटा एका निवडीचाच होता. रासबिहारी घोष यांना अध्यक्ष निवडण्याच्या सूचनेवर लोकमान्य टिळक बोलावयास उभे राहिले, त्यांना बोलू दिले नाही, मराठी जोडा व्यासपीठावर येऊन पडला, आणि टिळकांचा पक्ष जो काँग्रेसबाहेर राहिला तो १९१६ च्या लखनौ अधिवेशनापर्यंत. परंतु या दोन लुटींच्या मधल्या काळात, १६६९ साली, सुरतेत असा एक प्रकार घडला की ज्यात ना तलवार उपसली गेली ना जोडा फेकला गेला. आठ हजार माणसे एका दिवसात शहर सोडून चालती झाली.

त्या वेळची सुरत म्हणजे मोगल बादशाहीचा समुद्राकडील दरवाजा. मक्केचे यात्रेकरू येथूनच गलबतांत चढत. येथील जकात, येथील टांकसाळ आणि येथील हुंड्या यांवर बादशाहीच्या खजिन्याचा मोठा भार होता. इंग्रज आणि डच यांच्या वखारी येथे होत्या. या सगळ्या उलाढालीचा कणा म्हणजे वाणी समाज. वैष्णव असोत वा जैन, परदेशी लोक त्यांना सरसकट बनिया म्हणत. सराफी त्यांची, दलाली त्यांची, अडत त्यांची आणि किराणाही त्यांचाच. शस्त्र त्यांच्यापाशी नव्हते. परंतु त्यांची महाजन नावाची संस्था होती, आणि महाजनाने दुकाने लावा म्हटले की ती लागत. हरताळ हा शब्दच मुळी हाटाला ताळे यातून आलेला आहे. १६१६ साली जकातीवरच्या एका अधिकाऱ्याने एका वाण्याला मारहाण केली, तेव्हा सर्व दुकाने बंद करून मंडळी दरबारात दाद मागण्याच्या इराद्याने शहराबाहेर पडली होती, आणि सुभेदाराने गोड बोलून व वचने देऊन त्यांना परत आणले होते. म्हणजे १६६९ चा मार्ग नवा नव्हता. त्याचे प्रमाण मात्र पूर्वी कधी पाहिलेले नव्हते.

त्या वर्षीच्या एप्रिलात औरंगजेबाचा देवळे व पाठशाळा पाडण्याविषयीचा हुकूम सुटला. सुरतेच्या काझीला या हुकुमाचा अर्थ आपल्या लाभाचाही आहे हे कळावयास वेळ लागला नाही. देवळे वाचवावयाची तर पैसे भरा, स्वतःला वाचवावयाचे तरीही पैसे भरा, असा क्रम सुरू झाला. काही जणांचे धर्मांतर घडविले गेले. त्यांत इंग्रजांच्या वखारीचा जुना सराफ तुळसीदास पारेख याचा पुतण्याही होता. पैशाची मागणी व्यापारी समजू शकतो. ती तो आपल्या वहीत कोठेतरी खर्ची टाकतो. घरातला मुलगा जाणे मात्र वहीत मांडता येत नाही. त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात सुरतेच्या वाण्यांचा धीर सुटला तो येथे.

सप्टेंबरात त्यांच्यापैकी पाच प्रमुख मंडळी इंग्रजांचा अध्यक्ष जेराल्ड ऑंजिअर याच्याकडे गेली. त्यांचा पुढारी भीमजी पारेख होता. मुंबई बेट नुकतेच, १६६८ साली, कंपनीच्या ताब्यात आले होते. तेथे आम्हाला आश्रय द्याल काय, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. शेजारच्या राज्यकर्त्याच्या दारात उभे राहून विचारलेला हा प्रश्न इतिहासात अनेकदा अनेक दारांशी विचारला गेला आहे, आणि त्याचे उत्तर बहुधा ऑंजिअरने दिले तसेच मिळाले आहे. मुंबई वसवावयास त्याला व्यापारी हवे होते. तथापि वाण्यांसाठी औरंगजेबासारख्या बादशहाशी वाकडे घेणे कंपनीला परवडणार नव्हते. त्याने सल्ला दिला की तुम्ही अहमदाबादेकडे जा आणि तेथून बादशहाला नम्र अर्ज करा. धर्माच्या बाबतीत त्याचे मन वळले नाही तरी स्वतःच्या उत्पन्नाकडे पाहून तो तुमचा भार थोडा हलका करील. यात सहानुभूती नव्हती असे म्हणता येत नाही. परंतु ती हिशेबाच्या मर्यादेत राहणारी होती. सल्ला म्हणून मात्र तो अचूक ठरला.

२४ सप्टेंबर १६६९ च्या सुमारास वाण्यांच्या घरांतील कर्ते पुरुष सुरतेबाहेर पडले. श्रीमंत सराफ होते, तसे लहान दुकानदारही होते. बायकामुले त्यांनी भावांच्या आणि जवळच्या आप्तांच्या हवाली केली. या एका गोष्टीतच या प्रस्थानाचे सारे स्वरूप दिसते. जो कायमचा जातो तो चूल बरोबर नेतो. ही माणसे चूल मागे ठेवून निघाली होती, आणि म्हणून मागे राहिलेल्या प्रत्येक घरावर काझीच्या रागाची टांगती तलवार होती. कंपनीच्या पत्रव्यवहारात आकडा येतो तो गेलेल्या आठ हजार पुरुषांचा. बंद दारांच्या आड दिवस मोजणाऱ्या स्त्रियांचा आकडा कोणी नोंदविला नाही.

काझी संतापला. त्याने सुभेदाराला सांगितले, या लोकांना अडवा. सुभेदाराने उत्तर दिले की ते बादशहाचे प्रजाजन आहेत, बादशहाच्या मुलखात त्यांना वाटेल तेथे जाता येईल. काझी आणि सुभेदार दोघेही मुसलमान, दोघेही एकाच बादशहाचे नोकर. एकाला हुकुमाचे शब्द दिसत होते, दुसऱ्याला जकातीची वही. या प्रसंगाकडे केवळ दोन धर्मांचा झगडा म्हणून पाहणारांनी हा सुभेदार विसरता कामा नये.

मंडळी नर्मदाकाठी भडोचला जाऊन राहिली. बादशाहीची हद्द त्यांनी ओलांडली नाही. तरीही सुरतेच्या दृष्टीने ती जणू परमुलखात गेली होती. महाजनाच्या आज्ञेवाचून कोणी दुकान उघडू नये, उघडल्यास जबर दंड, असा ठराव झालेला होता. परिणाम थोड्याच दिवसांत दिसू लागला. बाजारात धान्य मिळेना. टांकसाळ बंद, जकातीचे नाके ओस. व्यापार तर राहोच, घरखर्चापुरताही पैसा कोणाला उसना मिळेना. शहरात मोठी टंचाई झाली, आणि टंचाई काही पहिल्याने काझीच्या कोठीघरात शिरत नाही. रोजच्या मजुरीवर पीठ आणणारा हमाल, मागावर बसलेला विणकर आणि बंदरावरचा खलाशी यांच्या घरी ती आधी पोहोचली असणार. त्यांना कोणी विचारले नव्हते आणि त्यांना भडोचला जाऊन बसण्याची ऐपतही नव्हती. निःशस्त्र प्रतिकाराचे हे एक उज्ज्वल उदाहरण आहे यात शंका नाही. त्याची किंमत मात्र सर्वांनी सारखी मोजली नाही.

तीन महिने असे गेले. अखेर बादशहाकडून अभयाचे आश्वासन आले आणि २० डिसेंबरला मंडळी सुरतेला परतली. मराठी दप्तराच्या भाषेत सांगावयाचे तर त्यांना कौल मिळाला. ज्या बादशहाने दक्षिणेत पाव शतक लढाई केली पण माघार घेतली नाही, त्याला बंद दुकानांपुढे एक पाऊल मागे घ्यावे लागले. परंतु या कौलाची मुदत फार नव्हती. दहा वर्षांनी, १६७९ मध्ये, जिझिया पुन्हा बसला, आणि तो सुरतेलाही बसला.

सुरतेचे वैभवही पुढे त्या दर्जाचे राहिले नाही. मंडळी परतल्यावर दहा महिने होतात तोच, १६७० च्या ऑक्टोबरात, मराठ्यांची फौज दुसऱ्यांदा शहरात शिरली. ऑंजिअरने जे दार १६६९ साली उघडले नव्हते ते त्याने पुढे स्वतःच सताड उघडले. व्यापारी मुंबईस आले पाहिजेत यासाठी धर्माचरणाच्या मोकळिकीची वचने देण्यात येऊ लागली. १६७७ साली दीवच्या नीमा पारेख या वाण्याशी तसा लेखी करारच झाला. भीमजी पारेखने तर मुंबईत छापखाना काढण्याच्या हौसेने विलायतेहून मुद्रक मागविला आणि तो १६७४ साली येऊन पोहोचला. १६८७ मध्ये कंपनीने आपले मुख्य ठाणेच सुरतेहून मुंबईस हलविले. तीन महिन्यांसाठी भडोचला गेलेले लोक परत आले. हळूहळू, गाजावाजा न करता मुंबईकडे निघालेले मात्र परतले नाहीत.

रुसून गाव सोडण्याची ही रीत गुजराथच्या अंगात मुरलेली होती. १९०९ साली गांधीजींनी ‘हिंद स्वराज्य’ लिहिले त्यात एका लहानशा संस्थानाची हकीकत आहे. राजाच्या एका हुकुमाने प्रजा दुखावली, लोक गाव खाली करू लागले, आणि राजाने घाबरून क्षमा मागितली व हुकूम मागे घेतला. सत्याग्रह हा शब्द नवा होता. ती हकीकत सांगणाऱ्याला तिच्यात नवे काही वाटत नव्हते.

त्यानंतर एकवीस वर्षांनी ही रीत सुरत जिल्ह्यातच पुन्हा अवतरली. बारडोली तालुक्यातील शेतसारा सुमारे बावीस टक्क्यांनी वाढविला गेला होता, त्याविरुद्ध वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली १९२८ साली लढा झाला, आणि चौकशीनंतर ती वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आली. १९३० साली मात्र भांडण साऱ्याच्या दराचे राहिले नव्हते. कायदेभंगात शेतकऱ्यांनी सारा भरण्याचेच नाकारले. जप्ती, अटक आणि लाठी यांचा मारा सुरू होताच गावेच्या गावे उठली आणि शेजारच्या बडोदे संस्थानच्या हद्दीत गेली. या स्थलांतराला त्यांनी हिजरत हे नाव दिले. काझीच्या जाचापासून निघालेल्या वाण्यांच्याच जिल्ह्यातले हे पाटीदार आपल्या निर्गमनासाठी इस्लामी इतिहासातला शब्द सहज उचलतात, ही गोष्ट लहान नव्हे.

शेजारचा मुलूख म्हणजे येथे कोसांचे अंतर नव्हते. पलसाणे, कामरेज, महुवे, व्यारे असे गायकवाडी तालुके सभोवार पसरलेले. सोनगडचा किल्ला तर गायकवाडांच्या राज्याचे मूळ ठाणे. कित्येक ठिकाणी दोन राज्यांची सरहद्द म्हणजे शेताचा बांध. बांधापलीकडे तट्ट्यांच्या झोपड्या उभ्या राहिल्या. गुरे, धान्य, भांडीकुंडी आणि या वेळी बायकामुलेही तेथे आली. इंग्रज पत्रकार ब्रेल्सफर्ड त्या वर्षी या भागात हिंडला, तेव्हा त्याला कुलुपे लागलेली घरे आणि निर्मनुष्य गल्ल्या दिसल्या. घर का सोडले असे त्याने झोपड्यांतून विचारले. पुरुषांनी शेती परवडत नाही, सारा अन्यायाचा आहे, असे सांगितले. स्त्रियांचे उत्तर अधिक सोपे होते. महात्माजी तुरुंगात आहेत, एवढेच त्यांना पुरेसे कारण वाटत होते.

५ मार्च १९३१ रोजी गांधी-आयर्विन करार झाला आणि लोक घरी परतले. पण हा कौल अपुरा होता. सरकारने जप्त केलेल्या जमिनींपैकी ज्या तिऱ्हाइतांना विकल्या गेल्या होत्या, त्या करारात परत मिळाल्या नाहीत. डोळ्यांसमोर आपले शेत दुसरा नांगरतो आहे हे पाहत कित्येक कुटुंबांनी पुढची वर्षे काढली. त्या जमिनी सुटल्या त्या निघून जाण्याने नव्हे. १९३७ साली मुंबई इलाख्यात निवडणुका झाल्या, काँग्रेस हा सर्वांत मोठा पक्ष ठरला, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री झाले, आणि १९३८ साली जप्त जमिनी मूळ मालकांना परत देण्याचा कायदा झाला. बारडोलीच्या शेतकऱ्यांनी त्यानंतर बांध ओलांडला तो आपल्याच शेतात जाण्यासाठी.